परळची तर

परळच्या तारींच्या घरात हाक देणारे दत्ताराम गेल्या दिवाळीनंतर बोलेनासे झाले. अर्धांगाचा झटका होता. उजवा हात हळूहळू परत आला, वाचा आली नाही. मार्गशीर्षात भोईवाड्यातल्या एका घरी लग्न ठरले होते आणि नवऱ्याकडचे वऱ्हाड वरळीला जाणार होते. हाक दिल्याशिवाय त्या घरचे वऱ्हाड परळहून वरळीला जात नाही. या वेळी हाक कोण देणार, हे ठरलेले नव्हते.

तारी म्हणजे होडीतून माणसांना पैलतीरी नेणारा आणि त्याची फेरी म्हणजे तर. आज परळ आणि वरळी यांच्यामध्ये होडी घालण्याइतके पाणी नाही. मध्ये रेल्वेचे रूळ, कार्यालयांच्या काचेच्या इमारती आणि सिग्नल आहेत. मुंबई सात बेटांची होती तेव्हा परळ एक बेट होते, वरळी दुसरे. मधला पट्टा भरतीला पाण्याखाली जाई. पुढे इंग्रजांच्या व्यापाराला सलग जमीन हवी झाली. महालक्ष्मीजवळची समुद्राची वाट बांध घालून बंद केली, मधले खाजण भरले, त्यावर रस्ते आले, रूळ आले, गिरण्या आल्या. तर बंद पडली. तारींनी मात्र हाक बंद केली नाही.

हे सगळे मला तिथे गेल्यावर कळले. मी खामगावचा. माझ्या जाण्याचे कारण वेगळे होते आणि ते चुकीचे होते.

गिरगाव

शिरीष आणि मी एका वृत्तपत्राच्या संपादकीय विभागात शेजारी बसत होतो. मी गावी परतलो, तो गिरगावातच राहिला. त्याने फोन केला तेव्हा रेंज नीट नव्हती. तो म्हणाला, "परळला तारींच्या घरी उताराचा वाद चाललाय. तुझ्या कामाचा विषय आहे, ये." मी ऐकले, "उताऱ्याचा वाद." आमच्याकडे उतारा म्हणजे सातबारा. जमिनीचे भांडण असणार असे समजून मी निघालो.

शिरीषचे घराणे गिरगावात रेल्वेच्या आधीपासून आहे. त्याच्या घरी पहिल्या रात्री कोळंबीचे भानोले होते. किसलेला कोबी, कोळंबी, बेसन आणि घरचा मसाला एकत्र करून वर-खाली आच देऊन ते भाजतात आणि वडीसारखे कापून वाढतात. कोबीत कोळंबी घालायची कल्पना आमच्याकडे कोणाला सुचली नसती. आमच्याकडे कोळंबीच नाही.

सकाळी तो मला वाड्यांमधून फिरवत होता. फणसवाडी, केळेवाडी, कांदेवाडी, मुगभाट. नावे वाचत गेले तर बाजारहाट केल्यासारखे वाटते. रस्त्यावर फणस नाही आणि केळही नाही. "ही सगळी बागायत होती रे," शिरीष म्हणाला. "आमचेही माड होते. मग गोऱ्या साहेबाच्या पेढ्या निघाल्या, त्यांना इंग्रजीत लिहिणारी माणसं हवी झाली. आमच्या लोकांनी माड विकले आणि टेबलं धरली."

"पश्चात्ताप?"

"छे. माडावर चढता कोणाला येत होतं? चढायचे ते भंडारी. आम्ही खाली उभे राहून मोजायचो. टेबलावरही तेच केलं."

पुढे पायधुनी लागते. भरतीच्या चिखलातून चालत आलेला माणूस शहरात शिरण्याआधी इथे पाय धूत असे, म्हणून हे नाव, असे सांगतात. मी उभा होतो तिथे एक माणूस हातगाडीवर पितळी भांडी रचत होता. जमीन कोरडी होती.

दुसऱ्या दिवशी शिरीषला कचेरी होती. मी एकटाच टॅक्सीने निघालो आणि चालकाला "भोईवाडा" एवढेच सांगितले. त्याने मला थोड्याच वेळात भुलेश्वरला उतरवले. तिथेही भोईवाडा आहे. मी दोन गल्ल्यांमध्ये तारींचे घर विचारले. एका दागिन्यांच्या दुकानदाराने शेवटी सांगितले, "काका, तुमचा भोईवाडा परळचा. कोर्टवाला. हा पालखीवाल्यांचा."

"आणि तो?"

"तोपण पालखीवाल्यांचाच असेल. साहेब लोक काय एकाच ठिकाणी राहत होते?"

भोईवाडा, परळ

तारींचे घर कोर्टामागच्या एका चाळीत पहिल्या मजल्यावर आहे. गॅलरीत दत्ताराम खुर्चीवर बसले होते. ते गोदीतून निवृत्त झाले आहेत. शेजारी त्यांचे धाकटे भाऊ वसंतकाका मटार सोलत होते. दत्तारामांची मुलगी सुलभा शहरबसमध्ये कंडक्टर आहे. ती नुकतीच कामाची पाळी संपवून आली होती आणि खाकी गणवेशातच चहा गाळत होती.

मी ओळख सांगितली आणि बातमीदाराच्या सवयीने सरळ मुद्द्यावर आलो. "सातबारा कोणाच्या नावावर आहे?"

वसंतकाकांनी शेंग खाली ठेवली. "कशाचा?"

"वादातल्या जागेचा."

"सातबारा?" सुलभा आतून म्हणाली. "पाण्याचा?"

चूक उलगडायला थोडा वेळ लागला. त्यांचा उतार म्हणजे पाणी ओलांडण्याची जागा, आणि ओलांडून दिल्याबद्दल तारीला द्यायचा नारळही उतारच. आपणही नदीला उतार आहे का, असे विचारतोच. जो ओलांडतो तो उतारू. रेल्वेच्या प्रवाशांना जुनी माणसे उतारू म्हणतात. तो शब्द तारींकडून रेल्वेने उचलला, असे वसंतकाकांचे म्हणणे आहे. ते मला तपासून पाहता आलेले नाही.

दत्ताराम हसले. हसण्याला आवाज होता. सुलभा चहाचे भांडे हातात धरूनच बाहेर आली आणि त्यांच्याकडे बघत राहिली. दिवाळीनंतर तिने तो आवाज पहिल्यांदा ऐकला होता. "उद्यापण या," ती मला म्हणाली, "आणि असंच कायतरी विचारा."

रीत अशी आहे. वऱ्हाड जुन्या खाजणाच्या काठाशी येते. तारी काथ्याचा दोर वाटेवर आडवा धरतो आणि हाक देतो, "कोण उतारू?" वऱ्हाडातला वडीलधारा जवाब देतो, "नवरा उतारू." तारी विचारतो, "उतार काय?" जवाब येतो, "नारळ नि विडा." नारळ हातात पडला की दोर खाली येतो आणि तारी पुढे चालू लागतो. जवाब आल्याशिवाय हाक पुरी होत नाही, आणि जवाब एकदा आला की परत घेता येत नाही. पूर्वी नारळ खाडीत सोडत. आता घरी आणून त्याची सोलकढी करतात. भोईवाड्यातल्या मोजक्याच जुन्या घरांत ही रीत उरली आहे.

"आमचा इतिहास सोपा आहे," वसंतकाका म्हणाले. "आधी लोकांना पाण्यातून नेलं. मग बांध आला, पाणी गेलं, तर लोकांना खांद्यावरून नेलं, पालखीत. मग रूळ आले, पालखी गेली. आजा गिरणीत लागला, हा गोदीत लागला. आता ही मशीनमधून तिकीट काढून नेते. धंदा एकच."

"मग हाक मी दिली तर काय होतं?" सुलभाने विचारले. हा प्रश्न घरात पहिल्यांदा निघालेला नव्हता, हे उत्तर ज्या वेगाने आले त्यावरून कळले.

"बाईने हाक दिली तर तर बुडते."

"तर कुठाय काका? ट्रॅफिक आहे."

"मी नाय म्हणत. म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"म्हणणारे कधी सापडतात काय? तुला माहीत नाय, तू गप."

काकांनी आपला मुलगा निलेश याला विरारहून बोलावले होते. तो एका कुरियर कंपनीत आहे. लग्नाच्या दिवशी हाक तो देणार, असा त्यांचा निर्णय होता. निर्णय दत्तारामांना मान्य आहे का, असे मी विचारले. दत्तारामांनी मान हलवली नाही, होकारार्थीही नाही आणि नकारार्थीही नाही. ते खाली कोर्टाकडे येणारी-जाणारी माणसे बघत राहिले.

जेवायला तांदळाची भाकरी, सुक्या बोंबलाची चटणी आणि मटाराची उसळ होती. मी ज्वारीच्या भाकरीचा माणूस आहे. तांदळाची भाकरी हातात मोडत नाही, ताणली जाते. हे बोललो तेव्हा सुलभा म्हणाली, "तुम्ही वऱ्हाडातले आणि वऱ्हाडालाच आलात. आता लग्नापर्यंत थांबायला लागेल."

मी थांबलो.

कॉटन ग्रीन, शिवडी

शनिवारी सुलभाची सुट्टी होती. ती वडिलांना दर सुट्टीला शिवडीच्या बंदरावर नेते. टॅक्सी कॉटन ग्रीनवरून गेली. हे स्टेशनचे नाव आहे. तिथे कापूस पिकत नाही. वऱ्हाड-खानदेशातला कापूस रेल्वेने येऊन इथल्या गोदामांत उतरत असे आणि पुढे जहाजावर चढे. आमच्या खामगावच्या बाजारात जुनी माणसे कापसाचा भाव सांगताना "मुंबई काय म्हणते" असे विचारत. मुंबई म्हणजे ही गोदामे होती, हे मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हते. लांबलचक कौलारू छपरे अजून उभी आहेत. काहींना कुलुपे आहेत. एका भिंतीतून पिंपळ निघालेला आहे.

"तुमच्या कापसाने आमचं पाणी पळवलं," सुलभा म्हणाली.

"आम्हाला भाव मिळाला नाही, तुमचं पाणी गेलं. मग फायदा कोणाला झाला?"

"ज्याची गोदामं त्याला. ती पण आता बंद."

शिवडीला ओहोटी होती. चिखल दूरवर पसरलेला होता आणि त्यावर रोहित पक्षी उभे होते, काही गुलाबी, बरेचसे मळकट पांढरे. मागे समुद्रावरून नवा लांब पूल पलीकडच्या किनाऱ्याकडे गेला आहे. दत्ताराम पक्ष्यांकडे बघत नव्हते. त्यांचे लक्ष एका दुरुस्तीला काढलेल्या होडीकडे होते. दोन माणसे तिच्या फळ्यांच्या फटींत कापूस ठासत होती. होडीत पाणी शिरू नये म्हणून तेल लावलेला कापूस फटीत भरतात. कापसाचा हा उपयोग मला नवीन होता.

सुलभाला मी विचारले, हा हट्ट का? दोन-चार घरांची रीत, वर्षाला एखादे लग्न.

ती म्हणाली, "बसमध्ये दिवसभर ओरडते मी. पुढे सरका, पुढे सरका. कोण ऐकतं? बाबा एकदाच बोलायचे, दोन शब्द, आणि अख्खं वऱ्हाड थांबायचं. लहानपणी मला वाटायचं बाबा पोलीस आहेत." मग म्हणाली, "निलेश चांगला आहे हो. पण त्याला यायचंच नाय. या वेळी काका ओढून आणतील, पुढच्या वेळी तो फोन उचलणार नाय. मग संपलं. मग तारी म्हणजे नुसतं आधार कार्डावर."

"आणि काकांनी नाहीच म्हटलं तर?"

"तर नाय देणार. भांडून हाक देता येत नाय. समोरून जवाब यायला पाहिजे ना."

दत्तारामांनी तिच्या मनगटाला हात लावला आणि होडीकडे बोट दाखवले. कापूस ठासणाऱ्या माणसाने काहीतरी चुकीचे केले असावे. काय, ते त्यांना सांगता आले नाही. सुलभाने जाऊन त्या माणसाला विचारले. तो म्हणाला, बरोबर चाललंय. दत्तारामांनी मान फिरवली.

रविवार, पुलाची पायरी

परळ आणि प्रभादेवी यांना जोडणारा रेल्वेवरचा जुना पूल पाडायला घेतला आहे. त्यामुळे पूर्वेकडून पश्चिमेकडे गाडीने जायचे तर मोठा वळसा पडतो. दत्ताराम गेली कित्येक वर्षे त्या पुलाच्या चढावर दोर धरत. या वेळी तिथे पत्रे लावलेले होते. नवऱ्याच्या वडिलांनी, म्हणजे प्रकाशरावांनी, सकाळी फोनवर सांगितले की सामान आणि म्हातारी माणसे टॅक्सीने जातील, तरणी माणसे पादचारी पुलाने चालत जातील आणि हाकेचे जे काही असेल ते पुलाच्या पायरीवर उरकून घ्यावे. "आम्हाला मुहूर्त गाठायचाय," ते म्हणाले. "निलेश देऊ दे, सुलभा देऊ दे, तुमचं घरातलं घरात बघा."

वऱ्हाड आले तेव्हा ताशेवाल्यांनी पुलाच्या तोंडाशी एक फेरी वाजवली. रविवार असूनही येणारी-जाणारी माणसे होती. ती थांबली, कडेने निघाली, काहींनी मोबाइल काढले. नवऱ्याने मुंडावळ्या बांधल्या होत्या आणि पायात पांढरे बूट होते. दत्तारामांना खुर्चीवर बसवून पायरीच्या बाजूला ठेवले होते. दोराचे एक टोक कठड्याला बांधले होते, दुसरे निलेशच्या हातात होते. सुलभा वडिलांच्या मागे उभी होती. ती हिरवी नऊवारी नेसली होती.

वसंतकाका निलेशला म्हणाले, "हां. दे."

निलेशने घसा साफ केला. त्याने समोर पाहिले. पुलावरून उतरणारी माणसे त्याच्या दोराशी अडली होती आणि मागून ढकलत होती. विरारहून रोज ये-जा करणाऱ्या माणसाच्या तोंडून अशा वेळी जे निघते तेच निघाले.

"कोण उतरणार?" तो ओरडला.

मागच्या गर्दीतून आवाज आला, "दादर!"

वऱ्हाड हसायला लागले. ताशेवाल्याने एक टिपरी मारली. आणखी कोणीतरी म्हणाले, "भाऊ, साइड दे, अंधेरी फास्ट आहे." निलेश स्वतःही हसला आणि लाल झाला. त्याने पुन्हा तोंड उघडले, पण आता हसू थांबेना. नवऱ्याचा हात मुंडावळ्यांकडे गेला. प्रकाशराव मनगटावरचे घड्याळ बघत होते. वसंतकाका खालच्या आवाजात म्हणाले, "उतारू, गाढवा, उतारू," पण ते हसण्यात बुडाले.

तेवढ्यात खुर्चीमागून हाक आली.

"कोण उतारू?"

सुलभाचा आवाज बसमधला नव्हता. दोन्ही शब्दांत अंतर होते आणि शेवटचा स्वर लांब गेला. कडेने निघालेली माणसे थांबली. ताशे थांबले.

"नवरा उतारू," प्रकाशराव म्हणाले.

वसंतकाका त्यांच्याकडे वळले. "जवाब दिलात?"

"दिला," प्रकाशराव म्हणाले. त्यांनाही त्याचे आश्चर्य वाटलेले दिसले. "तोंडातून आला. माझ्या लग्नात वडिलांच्या तोंडूनही असाच आला होता."

"उतार काय?" सुलभाने विचारले.

"नारळ नि विडा."

निलेशने दोर सोडून दिला आणि बाजूला झाला. तो मला नंतर म्हणाला की इतका मोकळा त्याला बऱ्याच दिवसांत वाटला नव्हता. प्रकाशरावांनी नारळ पुढे केला. सुलभा खुर्चीसमोर आली, पण तिने लगेच हात पुढे केला नाही. तिने आधी वडिलांकडे पाहिले. दत्तारामांनी उजवा हात उचलला आणि तिच्या पाठीला मागून धक्का दिला, मुलाला शाळेच्या दारात ढकलतात तसा. तिने नारळ घेतला.

ती पुढे आणि तिच्या मागे नवरा, असे वऱ्हाड पायऱ्या चढले. वर पोचल्यावर खालून दोन्ही बाजूंनी गाड्या गेल्या. पुलाच्या मध्यावर एका बाईने सुलभाला हिंदीत विचारले, काय चाललंय? सुलभा म्हणाली, "पानी है नीचे, संभाल के." बाईने खाली पाहिले आणि साडी सावरली.

लग्न वरळीच्या एका सभागृहात, जुन्या चाळींच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतींजवळ लागले. मुहूर्त गाठला गेला. दत्ताराम टॅक्सीने आले. वसंतकाका पुलावर चढले नाहीत. ते दुसऱ्या टॅक्सीने, वळसा घालून, उशिरा पोचले आणि सुलभाशेजारच्या पाटावर जेवायला बसले.